रात्रभर पुरेल असा लंगोट

तान्हेपणी हौसेनं कापडी लंगोट वापरणारी पुष्कळ घरं मूल दीड-दोन वर्षांचं झालं की हात टेकतात. तोवर सगळं बरं चाललेलं असतं. मग मध्यरात्री गादी ओली, दुपारच्या झोपेत पायजमा ओला, कडेवर घेतलं की घेणाऱ्याची साडी ओली, असं सुरू होतं आणि ‘आमच्या बाळाला शूच फार होते, त्याला कापडाचं जमत नाही’ असा निकाल लागतो. हा निकाल घाईचा आहे. जास्त शू करणाऱ्या मुलालाही कापड पुरतं, रात्रभर पुरतं. मात्र त्यासाठी अधिक जाड लंगोट शोधत बसण्याऐवजी पातळ कापडांची मांडणी शिकावी लागते. जाड शिवलेल्या लंगोटापेक्षा आपल्याकडचा जुना, साधा, चौकोनी लंगोट, म्हणजे धोतराचं किंवा मऊ सुती लुगड्याचं फाडलेलं कापड, या कामाला जास्त लायक आहे. हे म्हणणं जुन्याच्या प्रेमापोटी केलेलं नाही. कापड पाणी कसं पितं, कसं धरतं आणि कसं वाळतं, हे नीट पाहिलं की तिथंच येऊन पोचावं लागतं.

आधी मुलात काय बदलतं ते पाहू. तान्हं बाळ दिवसातून वीस-वीस वेळा, पण थोडी थोडी शू करतं. मूल वाढतं तसं मूत्राशय मोठं होतं, दोन वेळांमधलं अंतर वाढतं आणि एका वेळी येणारी शू वाढते. मुलांच्या मूत्राशयात साधारण किती मावतं याचा डॉक्टरांचा एक सोपा हिशेब आहे: वर्षांतल्या वयात 2 मिळवायचे आणि 30 नं गुणायचं, उत्तर मिलिलिटरमध्ये. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात 120 मिलिलिटर मावू शकतं, एक कपभर चहाइतकं. एकूण शू मात्र वाटते तेवढी नसते. साधारणपणे दर किलो वजनामागे तासाला 1 ते 2 मिलिलिटर धरतात. 12 किलोच्या मुलाची दहा तासांच्या रात्रीची बेरीज 120 ते 240 मिलिलिटर होते. झोपताना पेलाभर दूध पिणाऱ्या मुलाची आणखी थोडी. एवढं पाणी धरणं सुती कापडाला मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते हे की कपभर शू काही सेकंदांत, एकाच जागी, अंगाच्या वजनाखाली दबलेल्या कापडावर येते. तान्हेपणी चाललेला लंगोट आता का गळतो याचं उत्तर या वेगात आहे. हे ध्यानात न घेता फक्त जाडी वाढवली की मुलाच्या पायांत बोळा होतो आणि गादी ओलीच राहते.

लंगोटाला खरं तर तीन वेगळी कामं करावी लागतात. आलेली शू पटकन आत ओढून घ्यायची, ती सकाळपर्यंत धरून ठेवायची आणि बाहेर जाऊ द्यायची नाही. तिन्ही एकच कापड करील ही अपेक्षा चुकीची. कोणतं काम फसलं हे सकाळी काढलेला लंगोट स्वतःच सांगतो, फक्त तो बादलीत टाकण्याआधी क्षणभर हातात उलगडून पाहायला हवा. मांडीजवळची कडा भिजली आहे आणि मागचा अर्धा भाग कोरडा, हलका, कडक आहे. म्हणजे जागा होती, पण शू तिथं पोचायच्या आत बाजूनं वाहून गेली. हा वेगाचा दोष, इथं आणखी थर घालून काही होणार नाही. सगळा लंगोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जड, दाबला तर थेंब पडणारा. म्हणजे साठा कमी पडला, इथं थर हवा. आणि लंगोटात जागा शिल्लक आहे, मांडीची कडाही ठीक आहे, तरी झबल्याचं टोक ओलं आहे. तर ते टोक लंगोटावर घालायच्या, पाणी अडवणाऱ्या कव्हरच्या आत अडकलं होतं आणि दिव्याच्या वातीसारखं त्यानं ओल वर ओढून घेतली. तीन ओल्या गाद्या, तीन वेगळी कारणं. बहुतेक लोक तिन्हींवर एकच उपाय करतात, आणखी एक पट्टी कोंबतात, आणि दोन वेळा हरले की कापडाला दोष देतात.

आता कापडांकडे वळू. परातीत दोन घड्या शेजारी ठेवाव्यात, एक दुकानातून नुकत्याच आणलेल्या कोऱ्या सुती कापडाची आणि एक अनेकदा धुतलेल्या जुन्या पंच्याची, आणि दोन्हींवर वाटीतून थोडं पाणी ओतावं. कोऱ्या कापडावर पाणी क्षणभर गोल थेंब होऊन थबकतं, मग उतारानं परातीत घरंगळतं. जुन्या पंच्यावर ते पडल्या जागी नाहीसं होतं आणि एक करडा डाग संथपणे चारी बाजूंना पसरत जातो. कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणासारखा थर असतो, शिवाय कोऱ्या कापडाला खळ असते. पुष्कळ धुण्यांनंतर दोन्ही जातात आणि मग कापड पाणी प्यायला लागतं. बाळासाठी जुनी धोतरं आणि लुगडी फाडणाऱ्या आज्यांचं हे व्यवहारज्ञान होतं. कोरे लंगोट आणलेच तर वापरण्याआधी ते चार-सहा वेळा गरम पाण्यात साबणानं धुऊन वाळवावेत. पहिल्याच दिवशी ‘गळतो’ म्हणून परत केलेले कितीतरी लंगोट नुसते कोरे असतात.

हल्ली विकत मिळणाऱ्या कापडी डायपरच्या आतल्या पट्ट्या बऱ्याचदा मायक्रोफायबरच्या असतात. हा कृत्रिम धागा. पाणी झटकन ओढून घेतो, पण ते धाग्याच्या आत न जाता धाग्यांमधल्या फटींत राहतं. भिजलेली पट्टी दोन तळव्यांमध्ये दाबली की पाणी मनगटावरून खाली येतं. कडेवर बसलेलं किंवा पालथं झोपलेलं मूल नेमकं हेच करत असतं, स्वतःच्या वजनानं पट्टी पिळत असतं. सुती धागा पाणी थोडं सावकाश घेतो, पण ते धाग्याच्या आत शिरतं, म्हणून दाबाखाली तो सहज सोडत नाही. हेम्प, म्हणजे भांगेच्या झाडाच्या खोडापासून काढलेला धागा, याहून सावकाश पितो आणि कमी जाडीत जास्त धरतो. मांडणी यावरूनच ठरते. जास्त शू करणाऱ्या मुलासाठी वर मऊ, जुनं, झटकन पिणारं सुती कापड. त्याच्याखाली सुती घडी. आणि अगदी तळाशी, कव्हरला लागून, हेम्पची एक पातळ पट्टी किंवा मांजरपाटासारख्या दाट विणीच्या कापडाची घडी. वरचा थर वेग सांभाळतो, खालचे थर साठा सांभाळतात. उलटं मांडलं, सावकाश पिणारं वर ठेवलं, तर तीच कापडं त्याच मुलाला पुरत नाहीत. त्वचेला लागून ओल नको असेल तर सर्वांत वर पातळ फ्लीसचा तुकडा घालतात. तो स्वतः पाणी धरत नाही, खाली जाऊ देतो, त्यामुळे अंगाला लागणारा भाग बराच कोरडा राहतो.

घडी कुठं जाड करायची हेही मुलागणिक वेगळं. मुलग्याची शू पुढच्या भागात येते, मुलीची मधे आणि झोपल्यावर मागच्या बाजूला. पालथं झोपणाऱ्या कुठल्याही बाळाची सगळी ओल पुढं गोळा होते. शिवलेल्या लंगोटात पट्टी शिवणाऱ्यानं ठरवलेल्या जागीच राहते. साध्या चौकोनी कापडाची घडी मात्र रोज बदलता येते: तेच कापड पुढे चार पदरी, मागे दोन पदरी. कापडाची कुठलीही कडा कव्हरच्या बाहेर डोकावता कामा नये, कारण बाहेर आलेलं बोटभर कापडही रात्रभरात झोपेचे कपडे भिजवायला पुरतं. कव्हर पीयूएलचं, म्हणजे पाणी न झिरपणारा पातळ थर चिकटवलेल्या कापडाचं असतं. त्याची इलॅस्टिक मांडी आणि जांघ यांच्यामधल्या वळीत बसायला हवी. ती मांडीवर खाली राहिली की मूल पाय हलवेल तशी फट पडते. मात्र इलॅस्टिक घट्ट ओढून गळती थांबवायला जाऊ नये. कातडीवर लाल खूण उठते आणि आतला दाब वाढून गळती उलट वाढते.

एवढं करूनही पूर्वी पुरणारा लंगोट अचानक पुरेनासा झाला, तर संशय धुण्यावर घ्यावा. आपल्याकडे बाळाला तेल लावून मालीश होते, दीड-दोन वर्षांपर्यंत बऱ्याच घरांत होते, आणि ते तेल रोज थोडं थोडं लंगोटात उतरतं. पुरळासाठी लावलेली चिकट मलमंही तेच करतात. त्यात बोअरवेलचं जड पाणी आणि साबणाची वडी एकत्र आली की पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा राखाडी चोथा तयार होतो आणि कापडात बसतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्यही धाग्यावर थर चढवतं. तेल, चोथा आणि हा थर मिळून कापडाला पाणी झिडकारायला शिकवतात. परातीतली परीक्षा घेतली तर जुना पंचासुद्धा कोऱ्यासारखा वागताना दिसतो. उपाय साधा आहे: गरम पाणी, पुरेशी धुण्याची पावडर, पाणी जड असेल तर थोडा धुण्याचा सोडा आणि शेवटी भरपूर खळबळणं. बाळाचे कपडे म्हणून चिमूटभर पावडरीत धुणं ही चुकीची माया आहे. शू पुरती निघाली नाही की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. सकाळी लंगोट काढताना डोळ्यांत पाणी आणणारा वास येतो तो त्याचाच, आणि त्वचा चुरचुरते तीही त्यानंच. रात्रीचा लंगोट सकाळी लगेच साध्या पाण्यात पिळून ठेवला तर हा त्रास मुळातच खूप कमी होतो. साधा सुती लंगोट अधूनमधून उकळता येतो. पीयूएलचं कव्हर उकळलं तर त्याचा चिकटवलेला थर सुटतो. म्हणून शोषणारं कापड आणि अडवणारं कव्हर वेगळी असण्याचा फायदा इथंही आहे.

आणि मग वाळवणं. जाड शिवलेल्या लंगोटाचा पक्ष मला लंगडा वाटतो तो मुख्यतः यामुळं. मे महिन्यात सोलापुरात काहीही वाळतं. जुलैत रत्नागिरीला किंवा मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात आठ थरांची शिवलेली पट्टी दोन-दोन दिवस दांडीवर लोंबते, वरून कोरडी लागते, मधे दमट राहते, कुबट वास धरते, आणि त्या दमटपणावर पुन्हा शू आली की पिण्याची तिची ताकद अर्धीच उरलेली असते. तेच आठ पदर एका मोठ्या चौकोनी कापडाच्या घडीतून केले असते तर वाळताना घडी उघडून एकपदरी झाली असती आणि पंख्याखाली रात्रीत वाळली असती. उरलीसुरली ओल इस्त्रीनं गेली असती. वापरताना जाड आणि वाळताना पातळ हे दोन्ही गुण फक्त उलगडणाऱ्या कापडात येतात. जास्त शू करणाऱ्या मुलाला थर जास्त लागतात, थर जास्त म्हणजे धुणं जास्त, आणि धुणं जास्त म्हणजे आपल्या पावसात वाळण्याचा प्रश्न सगळ्यांत मोठा.

यावर काही आक्षेप येतात आणि त्यांतले काही वजनदार आहेत. एक असा की एवढ्या थरांनी मुलाला नीट चालता येत नाही. ते खरं आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 13 आणि 19 महिन्यांच्या मुलांची चाल तपासली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलं उघडी असताना सर्वांत चांगली चालली आणि जाड कापडी लंगोटात सर्वांत जास्त अडखळली. म्हणूनच रात्रीची मांडणी दिवसा वापरू नये. दिवसा पातळ दोन-तीन पदर आणि वरचेवर बदलणं, शक्य असेल तेव्हा नुसती चड्डी. पाय फाकल्यानं खुब्यांना इजा होते ही भीती मात्र निराधार आहे. तान्ह्या बाळाचे पाय सरळ ताणून घट्ट बांधणं खुब्यांना वाईट असतं. गुडघे दुमडून पाय बाजूला राहणं हीच खुब्यांची सोयीची स्थिती.

दुसरा आक्षेप डिस्पोजेबल, म्हणजे एकदा वापरून फेकायच्या डायपरवाल्यांचा: तो एक घातला की रात्र निघते, मग ही खटपट कशाला? डिस्पोजेबलची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. 1980 च्या दशकापासून त्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे कण घालू लागले. ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषून त्याचा जेलीसारखा गोळा करतात आणि दाबाखालीही सोडत नाहीत. कापड याची बरोबरी करत नाही. पण दोन वर्षांच्या मुलाच्या एका रात्रीला एवढी ताकद लागतही नाही, हे वरच्या हिशेबात आलंच आहे. आणि तो डायपर सकाळी कुठं जातो? 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले डायपर सॅनिटरी कचऱ्यात धरले आणि ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला सांगितले. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेला लोकांना वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढा अशी विनंती करणारी मोहीम चालवावी लागली, कारण उघडे डायपर आणि पॅड कुणाच्या तरी हातांनी वेगळे करावे लागत होते. त्या हातांचा विचार मला खटपटीपेक्षा मोठा वाटतो. पर्यावरणाचा निकाल एकतर्फी नाही, हेही सांगायला हवं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2008 च्या अहवालात सरासरी वापर धरला तर कापडी आणि डिस्पोजेबल यांचा कार्बनचा भार जवळपास सारखाच निघाला होता. पण दोरीवर वाळवणं, मशीन पूर्ण भरून लावणं आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरणं, एवढं केलं तर कापडाचा भार सुमारे 40 टक्क्यांनी उतरत होता. 2023 च्या ब्रिटिश सरकारी अभ्यासात कापडी लंगोट सुमारे 25 टक्क्यांनी हलके ठरले. दोरीवर वाळवणं आणि थोरल्याचे लंगोट धाकट्याला, या गोष्टी आपल्याकडे कुणाला शिकवाव्या लागत नाहीत.

पाण्याचा आक्षेप याहून खरा. जिथं टँकरची वाट पाहावी लागते तिथं उन्हाळ्यात रोज दहा-बारा कापडं धुवा असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. शेवटच्या खळबळण्याचं पाणी पुढच्या दिवशीच्या पहिल्या पिळण्याला वापरता येतं, फक्त रात्रीपुरतं कापड ठेवता येतं, पण त्यालाही मर्यादा आहे, आणि तिथं डायपर वापरणाऱ्या आईला बोल लावू नये. श्रमांचं मात्र वेगळं. हे काम जास्त वाटतं ते बव्हंशी एकाच माणसाच्या वाट्याला आल्यामुळं. घडी घालणं, सकाळी पिळून ठेवणं, दोरीवर टाकणं यात बाईनंच करावं असं काही नाही. वडिलांच्या, आजोबांच्या हातांनीही कापड तितकंच पाणी पितं. ज्या घरात हे वाटून घेतलेलं नाही, त्या घरानं आधी तो प्रश्न सोडवावा आणि मग कापडाच्या गैरसोयीबद्दल बोलावं.

‘दोन वर्षांच्या मुलाला लंगोट हवाच कशाला, शी-शूची सवय लावा’ असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. दिवसापुरतं ते बरोबर आहे. झोपून उठल्यावर आणि खाण्यापिण्यानंतर मोरीवर बसवून ‘शूऽऽ’ करण्याची आपली रीत चांगलीच आहे, आणि ओल जाणवू देणारं कापड तिला मदतच करतं. रात्र मात्र सवयीच्या हाती नसते. झोपेत शू कमी तयार व्हावी यासाठी शरीरात जे संप्रेरक रात्री वाढतं, ते प्रत्येक मुलात आपल्या वेळेनं काम करायला लागतं. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं डॉक्टर आजार मानत नाहीत. रागावून काही होत नाही. लक्ष द्यायचं ते दुसऱ्याच गोष्टीकडे: शू अचानक खूप वाढली, मूल सारखं पाणी मागायला लागलं आणि वजन उतरलं, तर थर वाढवत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. मुलांमधला मधुमेह असाच सुरू होतो.

बाकी सगळं ठीक असेल तर एक वजनकाटा पुरतो, स्वयंपाकघरातला. रात्री घालण्याआधी कोरड्या लंगोटाचं वजन करायचं, सकाळी ओल्याचं. फरक जेवढे ग्रॅम, साधारण तेवढे मिलिलिटर शू. पाच-सहा रात्री हे टिपलं की आपल्या मुलाचा आकडा कळतो आणि ‘फार शू होते’ हे वाक्य मोजता येतं. तो आकडा पेलील एवढीच मांडणी ठेवावी, वर एक पदर जास्तीचा. आकडा काही आठवडे सलग उतरता दिसला की तळची हेम्पची पट्टी पहिल्यांदा काढावी, मग मधली घडी. वरचं मऊ सुती कापड सर्वांत शेवटी.